उद्यापन नसलेला उपवास

माणसाचे आणि अन्नाचे बिनसले की ते सांगण्यासाठी मराठीला शब्दांची वाण कधी पडली नाही. अन्नावरची वासना उडाली, घास घशाखाली उतरत नाही, खाल्लेले अंगी लागत नाही, ताटावरून उठून गेली, अन्नावर राग काढला, पोटाला चिमटा घेतला, वखवख सुटली अशा कितीतरी प्रयोगांतून मनाची आणि पोटाची एकेक वेगळी अवस्था टिपलेली आहे. यांपैकी एकही रोगाचे नाव नव्हे. पण यांतील एकही अवस्था आरोग्याची म्हणता येणार नाही. घराघरांत बोलली जाणारी ही भाषा दवाखान्याच्या दारात मात्र मुकी होते. तेथे विचारले जाते ते वजन, रक्तदाब आणि रक्तातील हिमोग्लोबिन. अन्नाशी असलेले नाते बिघडले आहे, पण रोगाच्या व्याख्येत बसण्याइतके बिघडलेले नाही, अशा माणसाची नोंद करायला कोणत्याही नोंदवहीत रकाना नसतो.

लातूर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, नांदेड जिल्ह्यातील मुखेड आणि कंधार यांच्या शेजारी वसलेला जळकोट हा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील तालुका. हलकी जमीन, पावसाच्या लहरीवर चालणारी तूर-सोयाबीनची कोरडवाहू शेती, ज्वारीची भाकरी, डोंगरकडेचे बंजारा तांडे आणि रोजगारासाठी बाहेर जाणारी माणसे हे या मुलखाचे परिचित चित्र. अशा ठिकाणी 'खाण्याचा विकार' असा शब्द उच्चारला तर पहिली प्रतिक्रिया उपहासाची होईल. ज्यांना दोन वेळचे मिळवण्याची भ्रांत, त्यांना न खाण्याचा आजार कोठून जडणार? हे दुखणे भरल्या पोटाचे, शहरी बंगल्यातले, फार तर चित्रपटातील नट्यांचे, असा समज सार्वत्रिक आहे. या समजाला काही आधार नाही असे नव्हे. परंतु त्याच्या आड बरेच काही लपून राहते, आणि जे लपते ते बहुतांशी स्त्रियांच्या आणि मुलींच्या वाट्याचे असते.

उंबरठा कोणी आखला?

पाश्चात्त्य वैद्यकात या विकारांचा इतिहास दीडशे वर्षांचा. १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी, शरीरात अन्य रोग नसताना अन्न टाकणाऱ्या तरुण मुलींची वर्णने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. गल यांनी दिलेले 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव रूढ झाले. पुढे शंभरावर वर्षांनी, १९७९ साली, लंडनमधील जेराल्ड रसेल या मनोविकारतज्ज्ञांनी अधाशासारखे खाऊन नंतर ते उलटून टाकण्याच्या विकाराचे वर्णन केले आणि त्याला 'ब्युलिमिया नर्व्होसा' म्हटले. या दोन नावांभोवती निदानाचे निकष बांधले गेले. वजन इतके कमी असावे, मासिक पाळी इतके महिने बंद असावी, अधाशी खाण्याचे प्रसंग आठवड्यातून इतक्या वेळा घडावेत. यात बसेल तो रोगी, न बसेल तो निरोगी.

हे निकष निसर्गाने आखून दिलेले नव्हते. तज्ज्ञांच्या समित्यांनी ते ठरवले होते. म्हणूनच ते बदललेही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली काढलेल्या नियमावलीत ब्युलिमियाचे निदान करण्यासाठी अधाशी खाण्याचे प्रसंग आठवड्यातून दोनदा आणि तीन महिने घडणे आवश्यक होते. २०१३ च्या आवृत्तीत ते आठवड्यातून एकदा झाले. अ‍ॅनोरेक्सियासाठी पाळी बंद असण्याची अटही त्याच वर्षी गळाली. उलटी वा जुलाब न करता केवळ बेभान खात सुटण्याची अवस्था १९९४ साली परिशिष्टात होती, ती २०१३ मध्ये स्वतंत्र विकार ठरली. एखादी स्त्री २०१२ साली निरोगी होती आणि काहीही न बदलता २०१३ साली रोगी झाली, असा याचा अर्थ. मधल्या काळात उपचार मागायला आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक दोन्ही मुख्य व्याख्यांत न बसता 'इतर' नावाच्या रकान्यात पडत होते. अपवाद म्हणून केलेला रकानाच सर्वांत मोठा ठरावा, ही गोष्ट निकषांविषयी पुरेसे काही सांगून जाते.

रेषा कोठे आखावी हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांच्यात १९७० आणि १९८० च्या दशकांत झालेला वाद याच जातीचा होता. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत कमी आहाराशी जुळवून घेते. तेव्हा सरासरी गरजेची रेषा आखून तिच्याखालच्या सर्वांना कुपोषित म्हणणे शास्त्रीय नव्हे. गोपालन यांचा आक्षेप असा की, जुळवून घेण्याची किंमत शरीर कोठे ना कोठे मोजत असते, आणि खुरटलेल्या देहाला निरोगी ठरवणे म्हणजे दारिद्र्यालाच मान्यता देणे होय. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. त्या वादातून निघणारा एक धडा येथेही लागू पडतो. रेषेच्या अलीकडे असलेल्याला काहीच होत नाही, असे रेषा सांगत नसते. ती फक्त मोजण्याची सोय असते.

भारतीय वैद्यकाने या मधल्या पट्ट्याला पूर्वीच नावे दिली होती. चरकसंहितेत पथ्य आणि अपथ्य एकत्र खाणे म्हणजे 'समशन', आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा खाणे म्हणजे 'अध्यशन' आणि फार किंवा फार थोडे, वेळेआधी किंवा वेळ टळून गेल्यावर खाणे म्हणजे 'विषमाशन' असा भेद केलेला आहे. हे स्वतः रोग नव्हेत, पण भयंकर रोगांना कारण होतात, असे ग्रंथकाराचे मत. रोगी आणि निरोगी अशा दोनच पेट्या न ठेवता तिसऱ्या अवस्थेचा विचार करण्याची ही दृष्टी जुनी असली तरी टाकाऊ नाही.

चेन्नई आणि हाँगकाँग

आपल्याकडे असे काही नसते, या समजाला दोन अभ्यासांनी छेद दिला आहे. चेन्नईतील श्रीनिवासन, सुरेश आणि जयराम या संशोधकांनी वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या २१० विद्यार्थ्यांची पाहणी करून १९९८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाश्चात्त्य व्याख्येच्या पातळीला न पोचणारा, पण खाण्याविषयी आणि वजनाविषयी सततची अस्वस्थता असलेला एक गट त्यांना आढळला. सुमारे पंधरा टक्के विद्यार्थी त्यात मोडत होते. या अवस्थेला त्यांनी आजार म्हटले नाही. खाण्यासंबंधीचा क्लेश अशा अर्थाचे नाव दिले. भारतीय समाजात रोगाच्या अलीकडे थांबलेले हे दुखणे शोधायचे तर मोजमापही येथलेच हवे, हे ओळखून त्यांनी त्यासाठी प्रश्नावली तयार केली.

दुसरा अभ्यास हाँगकाँगचा. तेथील मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ साली दाखवून दिले की, अन्न टाकणाऱ्या त्यांच्या चिनी रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणींना लठ्ठ होण्याची भीती वाटतच नव्हती. त्यांची तक्रार असे ती पोट फुगल्याची, भूक नसल्याची, अन्न नकोसे झाल्याची. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात लठ्ठपणाचे भय हा तर विकाराचा गाभा मानलेला. पुस्तकाबरहुकूम तपासणी केली असती तर या मुली निदानातून निसटल्या असत्या.

मराठवाड्यातील वाचकाला हे वर्णन परके वाटू नये. 'पोट गच्च झालंय', 'पित्त उसळतंय', 'जेवण जात नाही', 'बघूनच मळमळतंय' ही गावोगावच्या दवाखान्यांत रोज ऐकू येणारी वाक्ये आहेत. त्यांवर पित्ताची गोळी दिली जाते, आणि पुष्कळदा ते योग्यही असते, कारण पित्त, जंत, क्षय, थायरॉइडचे विकार हे सारे आधी तपासलेच पाहिजे. परंतु ते तपासून झाल्यावरही घास उतरत नसेल तर पुढला प्रश्न कोणी विचारत नाही. घरात काय झाले, कोणी काय बोलले, कधीपासून एकटीने जेवतेस, हे प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचे समजले जातात.

व्रत आणि विकार

या मुलखात अन्न सोडण्याला एक मोठी आणि आदरणीय परंपरा आहे. वारकऱ्याची एकादशी, लिंगायत घरातला श्रावणी सोमवार, संकष्टी चतुर्थी, नवरात्रातले उठता-बसता उपवास, चातुर्मासातले धरणे-पारणे, मुसलमान घरातला रमजान यांतून अन्नावर संयम ठेवण्याचे शिक्षण पिढ्यानुपिढ्या दिले गेले. त्याला विकार ठरवण्याचा अगोचरपणा कोणी करू नये. पण ज्या समाजात उपवास पुण्यकारक मानला जातो त्या समाजात विकाराला लपायला उपवासाइतकी चांगली जागा दुसरी नाही, हेही विसरू नये.

दोहोंतला फरक ओळखण्याची खूण परंपरेनेच देऊन ठेवली आहे. व्रताला आरंभ असतो आणि शेवट असतो. एकादशीला द्वादशीचे पारणे आहे, रोजाला इफ्तार आहे, नेमाला उद्यापन आहे. व्रत चारचौघांच्या साक्षीने होते आणि संपल्यावर माणूस पंक्तीत परत येतो. शिवाय व्रतात सवलती आहेत. पाणी, कंदमुळे, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे धर्मशास्त्र सांगते. आजारी, गर्भवती आणि प्रवासी यांना रोजा पुढे ढकलण्याची मुभा इस्लामने दिली आहे. जो उपवास संपतच नाही, ज्याचे कारण दर आठवड्याला बदलते, जो मोडला तर पश्चात्तापाने जीव कासावीस होतो आणि पुढचा दिवस शिक्षा म्हणून उपाशी काढावा लागतो, त्या उपवासाला उद्यापन नसते. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी संतोषीमातेचा आणि शनिवारी मारुतीचा उपवास धरणारी अठरा वर्षांची मुलगी घरात कौतुकाचा विषय होते. ती कशासाठी उपाशी आहे, हे तिला विचारण्याचे कारण कोणाला दिसत नाही.

याची दुसरी बाजू 'एकादशी अन् दुप्पट खाशी' या म्हणीने सांगितली आहे. दिवसभर कडकडीत उपास आणि रात्री साबुदाणा, तळलेल्या पापड्या, शेंगदाण्याचे लाडू यांवर तुटून पडणे हा थट्टेचा विषय खरा. पण दीर्घ उपासानंतर येणारी वखवख ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. जिला ती आवरत नाही आणि मग लाज वाटून जी पुन्हा उपास धरते, तिच्यासाठी हे चक्र थट्टेचे उरत नाही. उपवासाचे म्हणून जे खाल्ले जाते त्यातील साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. पोट भरल्याचा भास होतो, पण प्रथिने आणि लोह यांची तूट तशीच राहते.

उपासमार मनाला काय करते

अन्न टाकले की मन बिघडते, की मन बिघडले म्हणून अन्न टाकले जाते, या प्रश्नाचे मोठे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिळाले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये, युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांवर त्यांच्या संमतीने एक प्रयोग केला. सहा महिने त्यांना दररोज सुमारे १,५७० कॅलरींचे जेवण देण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटवण्यात आले. या मुलांना आधी कोणताही मनोविकार नव्हता. काही आठवड्यांतच ती अन्नाखेरीज दुसरे बोलेनाशी झाली. कोणी पाककृती जमवू लागले, कोणी एकेक घास तासभर चघळू लागले, कोणी ताट चाटून पुसू लागले. चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा वाढला. कामात लक्ष लागेना. अन्न पूर्ववत मिळू लागल्यावरही अनेकांना पोट भरल्याची जाणीव होईना आणि ते अनावर खात राहिले. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली हे सारे दोन खंडांत प्रसिद्ध केले.

या प्रयोगाचा बोध दूरवर पोचणारा आहे. हट्टी, तुसडी, अबोल, अभ्यासात लक्ष नसलेली असे ज्या मुलीचे वर्णन घरात होते, तिचा तो स्वभाव नसून दीर्घकाळच्या अर्धपोटी राहण्याचा परिणाम असण्याची शक्यता असते. उपाशी राहण्याचे कारण दारिद्र्य असो, व्रत असो, की आरशाची भीती असो, मेंदूला त्यातला भेद कळत नाही. ज्याला मानसिक लक्षण म्हणायचे ते कित्येकदा भुकेचेच लक्षण असते.

ताट कोणी पाहिले?

जळकोटसारख्या भागात या प्रश्नाचे मूळ पंक्तीच्या क्रमात आहे. पुरुष आधी, मुले नंतर, घरची लक्ष्मी शेवटी हा क्रम सैल झाला असला तरी मोडलेला नाही. जी सर्वांना वाढते तिला कोणी वाढत नाही. तिने एक भाकरी खाल्ली की अर्धी, की भांड्याला लागलेले निपटून पाणी प्यायली, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. सकाळी चहा, दाताला मिश्री आणि दुपारी उरलेसुरले, हा कित्येक बायकांचा दिनक्रम. तंबाखूने भूक मरते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. गर्भवतीने जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल, अशा समजुतीने नेमक्या वाढत्या महिन्यांत हात आखडला जातो. येथे लठ्ठपणाचे भय नाही, आरसा नाही. तरीही भूक मारण्याची सवय अंगवळणी पडलेली आहे, इतकी की पुढे अन्न समोर असतानाही ते जात नाही.

अन्न नाकारणे हे अशा घरात बोलण्याचे साधनही असते. ज्या सुनेला उलट बोलण्याची सोय नाही, ती ताटावरून उठून जाते. ज्या मुलीचे लग्न तिला न विचारता ठरते, ती जेवण सोडते. राजकारणात ज्या उपोषणाला सत्याग्रह म्हणून गौरवले गेले, त्याच उपोषणाला घरात 'नखरे' म्हटले जाते. चार दिवसांत समजूत निघाली तर प्रश्न मिटतो. समजूत काढणारे कोणी नसेल तर निषेध संपतो, पण अन्नावरची वासना परत येत नाही. मुलगी बघायला येणाऱ्यांच्या शेऱ्यांनी यात भर पडते. कोणाला ती बारीक वाटते, कोणाला जाड. आणि दोन्ही शेऱ्यांचा हिशेब ती आपल्या ताटातच चुकता करते.

नव्या पिढीसाठी आणखी एक रस्ता उघडला आहे. शिक्षणाच्या लातूर पॅटर्नने या भागातील मुलामुलींना डॉक्टर-इंजिनियर होण्याची वाट दाखवली. दहावी होताच जळकोट, मुखेड, कंधारकडची मुले लातूरला किंवा नांदेडला खोली घेऊन राहतात. मेसचा डबा, सकाळी न खाता गाठलेली शिकवणी, दुपारी चहा-बिस्कीट, रात्री जागरण आणि पाच रुपयांच्या पुड्या हा त्यांचा आहार. परीक्षेचे दडपण कोणाची भूक मारते, कोणाला रात्री अनावर खायला लावते. हातातील मोबाइलवर सडपातळ देहांची चित्रे अखंड सरकत असतात. घरी सुटीत आलेली मुलगी वाळली आहे असे आईला दिसते; पण अभ्यासाने वाळली, असेच साऱ्यांनी गृहीत धरलेले असते.

माती, पेन्सिल आणि लोह

न बोलल्या जाणाऱ्या सवयींत माती खाणे ही सर्वांत जुनी. भिंती सारवण्याची पांढरी माती, खापराचे तुकडे, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ चोरून खाणाऱ्या मुली आणि बायका कोणत्या गावात नाहीत? गर्भवतीच्या बाबतीत याला डोहाळे म्हणून मायेने पाहिले जाते. कालिदासानेही 'रघुवंशा'त गर्भवती सुदक्षिणेच्या मुखाला येणाऱ्या मातीच्या गंधाचे वर्णन केले आहे. मुलीच्या बाबतीत मात्र मारहाण आणि टोमणे वाट्याला येतात. वैद्यकाने या सवयीचा संबंध रक्तक्षयाशी, विशेषतः लोहाच्या कमतरतेशी, जोडला आहे. लोहाची भरपाई झाल्यावर ही ओढ पुष्कळदा आपोआप ओसरते. उलट मातीतून जंत पोटात जातात आणि रक्तक्षय आणखी वाढतो.

रक्तक्षयाचे प्रमाण थोडे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. त्याच पाचव्या पाहणीत २०.८ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी, तर २३.४ टक्के स्त्रियांचे जास्त आढळले. एकाच राज्यात अशक्तपणा आणि स्थूलता अशी शेजारी नांदत असताना वजनकाटा कितपत उपयोगी पडणार? जेथे पाचांतील एक स्त्री कृशच आहे, तेथे कोणाचे कृशपण गरिबीचे आणि कोणाचे मनाच्या दुखण्याचे, हे तो सांगत नाही. आणि जिचे वजन भरपूर असून जी आठवड्यातून चार दिवस उपाशी व दोन दिवस बेभान खाते, ती तर त्याच्या लेखी सुखवस्तूच ठरते.

करण्यासारखे काय आहे?

येथे एक सावधगिरी हवी. साऱ्या अर्धपोटी स्त्रियांना मनोरुग्ण ठरवण्यात शहाणपण नाही. डब्यात पीठच नसेल तर त्यावर समुपदेशन हा उतारा नव्हे. तेथे रोजगार, रेशन आणि मजुरी यांचेच उत्तर लागेल. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर मराठवाडा जगला, तेव्हा लोकांना हवे होते ते अन्न. नव्या नावाची चिठ्ठी चिकटवल्याने कोणाचे दुःख हलके होत नाही, उलट लग्नाच्या बाजारात मुलीला एक नवा कलंक लागण्याचा धोका असतो. म्हणून गरज आहे ती निदानाआधीच्या विचारपुशीची.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी गावोगाव पोचली आहे. आशा कार्यकर्ती घराघरांत जाते. शाळांतून किशोरवयीन मुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जाते. गोळी हातावर ठेवताना दोन-तीन साधे प्रश्न विचारता येतात. काल किती वेळा जेवलीस? कोणाबरोबर जेवलीस? खाल्ल्यावर अपराधी वाटते का, खाल्लेले मुद्दाम उलटून टाकतेस का? माती किंवा खडू खावासा वाटतो का? विचारणाऱ्या बाईच्या स्वरात दटावणी नसेल तर मुली उत्तरे देतात. माती खाणाऱ्या मुलीला शिक्षा करण्याऐवजी तिचे रक्त तपासले जावे आणि जंताचे व लोहाचे औषध द्यावे. वर्गात सर्वांदेखत वजन घेऊन ते मोठ्याने वाचण्याची पद्धत बंद व्हावी. वसतिगृहांच्या आणि मेसच्या चालकांनी कोणाचा डबा रोज भरलेला परत येतो, एवढे जरी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

काही खुणा मात्र थांबण्याच्या नव्हेत. थोड्या महिन्यांत झपाट्याने उतरलेले वजन, भोवळ, छातीत धडधड, बंद झालेली पाळी, वारंवार मुद्दाम केलेल्या उलट्या, जुलाबाच्या गोळ्यांची सवय आणि जीव नकोसा झाल्याची भाषा दिसली की विलंब न लावता डॉक्टर गाठला पाहिजे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहाला एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू व्हावे लागते. लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये याच पट्ट्यात आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. ज्या मुलीला घरात बोलायला कोणी नाही, तिला हा क्रमांक माहीत असणे लोहाच्या गोळीइतकेच अगत्याचे आहे.

उरतो तो घराचा भाग, आणि तो सरकारी परिपत्रकाने होणारा नाही. वाढणारीने सर्वांबरोबर जेवायला बसावे, तिचे ताट इतरांच्या ताटाशेजारी असावे आणि ते कोणीतरी पाहावे, एवढा बदल करायला पैसा लागत नाही. मराठवाड्यात वाटेत भेटलेल्या माणसालाही 'जेवण झालं का' असे विचारण्याची रीत आहे. उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारला जाणारा तो प्रश्न घरातल्या सुनेला आणि लेकीला उत्तर ऐकण्याच्या तयारीने विचारला गेला, तर रोगाच्या व्याख्येत न बसणारी कितीतरी दुखणी व्याख्येपर्यंत पोचण्याआधीच ओळखता येतील.